मॉरिशसला पहिल्यांदा जाताना: ज्वालामुखीच्या बेटाची सविस्तर ओळख

मॉरिशसला जाणारे बहुतेक जण किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाच-सहा दिवस राहतात, एखादी बोटीची सहल करतात आणि परत येतात. समुद्र सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे बेट खऱ्या अर्थाने कळतं ते किनाऱ्यापासून आत गेल्यावर: विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडाशी, उसाच्या शेतांमधल्या काळ्या दगडांच्या राशींपाशी, राजधानी पोर्ट लुईच्या बंदरातल्या सोळा पायऱ्यांवर. त्यामुळे माझा आग्रह पहिल्यापासून एकच राहील. सात दिवस हातात असतील तर निदान चार दिवस बेटाच्या आतल्या भागाला द्या. मराठी माणसाने तर द्यायलाच हवेत, आणि त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी पायाखालची जमीन

मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात, मकरवृत्ताच्या थोडं उत्तरेला हे बेट आहे. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५ किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. समुद्राच्या तळातून वर आलेल्या लाव्हाने सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी हे बेट घडवलं.

तो लाव्हा आला कुठून, हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खोलवरून तप्त खडक सतत वर येत असतो. त्यातलं एक ठिकाण आज रियुनियन बेटाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड त्याच ठिकाणावरून सरकत होता, तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांतून दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीचे कडे, रायगड, राजगड, वेरूळची लेणी हे सगळं त्या थरांमध्ये कोरलेलं आहे. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला आणि मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या बेटांखालच्या डोंगररांगांची माळ उरली. मॉरिशस आणि रियुनियन ही त्या माळेची अलीकडची टोकं. म्हणजे मॉरिशसच्या रस्त्याकडेचा काळा दगड हा आपल्या किल्ल्यांच्या दगडाचा सख्खा भाऊबंद आहे.

मॉरिशसचे ज्वालामुखी हजारो वर्षांपासून शांत आहेत. धगधगता ज्वालामुखी बघायचा असेल तर सव्वादोनशे किलोमीटरवरच्या रियुनियनला जावं लागतं. ते बेट फ्रान्सचा भाग असल्याने प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, त्याची चौकशी स्वतंत्र करा.

बेटाचा नकाशा एकदा समोर ठेवून बघा. कडेने तुटक डोंगरांचं कडं दिसेल: पोर्ट लुईमागची मोका रांग, आग्नेयेला ग्राँ पोर, नैऋत्येला ब्लॅक रिव्हर. मूळच्या प्रचंड ज्वालामुखीचे हे उरलेले काठ. मधलं पठार नंतरच्या, तरुण लाव्हाचं. हे चित्र डोक्यात असलं की गाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रत्येक डोंगर ओळखीचा वाटू लागतो.

कधी जावं

ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पावसाळा एकत्र, मे ते ऑक्टोबर सौम्य हिवाळा. मला सप्टेंबर ते नोव्हेंबरचा काळ सर्वांत चांगला वाटतो. हवा कोरडी असते, समुद्र गार राहत नाही आणि वारा मंदावलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणारा वारा पूर्व किनाऱ्यावर जोरात लागतो, त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर राहावं.

चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते मे असला तरी खरा धोका जानेवारी ते मार्चमध्ये. सरकार वर्ग १ ते ४ असे इशारे देतं. वर्ग ३ जाहीर झाला की बससेवा थांबते, दुकानं बंद होतात, सगळ्यांनी घरात थांबायचं असतं. पर्यटकांनाही तोच नियम. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या, त्यामुळे इशारा हसण्यावारी नेऊ नका. या महिन्यांत जाणार असाल तर तारीख बदलता येणारं तिकीट आणि प्रवासविमा घ्या.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही. किनाऱ्यावर घाम येत असतो त्याच वेळी मधल्या पठारावर, क्युरपिपला, धुकं आणि भुरभुर पाऊस असू शकतो. पठारावर पश्चिम किनाऱ्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. पातळ जॅकेट आणि छत्री गाडीत कायम ठेवा.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर पर्यटकांना ६० दिवसांपर्यंतचा व्हिसा विमानतळावर उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. तिन्हींच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, मोबाइलच्या बॅटरीवर विसंबू नका. निघण्याआधी सरकारचा एकत्रित प्रवासी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. ऑक्टोबर २०२५ पासून बारा वर्षांवरच्या पर्यटकांना दर रात्री ३ युरो शुल्क लागू झालं आहे, हॉटेलच्या बिलात ते धरलंय का हे बुकिंग करतानाच विचारा.

औषधांबाबत काटेकोर राहा. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे सहज मिळणारं औषध तिथे अडचणीत आणू शकतं. नेहमीच्या औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या आणि वर सांगितलेल्या प्रकारातलं काही असेल तर आधी परवानगीची चौकशी करा. ई-सिगारेट नेऊ नका. ताजी फळं, रोपं, बिया बॅगेत नकोत. आंबे घेऊन निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

चलन मॉरिशियन रुपया, एका रुपयाला आपले दोन रुपयांच्या थोडं आत. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली आहे, पण सगळीकडे चालेलच असं धरू नका. रस्त्यावरचं खाणं, बस आणि बाजार यांसाठी रोख लागते. घड्याळ भारताच्या दीड तास मागे लावायचं. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, जाड चौकोनी तीन पिनांचे, त्यामुळे अडॅप्टर इथूनच घ्या.

मुक्काम कुठे

मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास. विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि बरीचशी हॉटेलं उत्तरेला, त्यामुळे उतरल्यावर तासाभराचा रस्ता असू शकतो.

उत्तरेला ग्राँ बे: दुकानं, उपाहारगृहं, रात्रीची वर्दळ, शांत समुद्र. पश्चिमेला फ्लिक-आन-फ्लाक आणि तामारँ: सूर्यास्त, कोरडी हवा, डोंगर जवळ. पूर्वेला बेल मार: लांबच लांब पांढरी वाळू, महागडी हॉटेलं, वारा. आग्नेयेला माहेबूर: जुनं गाव, स्वस्त घरगुती मुक्काम, दर सोमवारी भरणारा मोठा बाजार. आतलं बेट बघायचं असेल तर पश्चिम किनारा सर्वांत सोयीचा, कारण शामारेल, ल मोर्न, ब्लॅक रिव्हरची दरी आणि क्युरपिप ही सगळी ठिकाणं तिथून जवळ पडतात. आठवडा असेल तर चार रात्री पश्चिमेला आणि शेवटच्या तीन माहेबूरला अशी विभागणी करा. परतीच्या दिवशी विमानतळ पंधरा मिनिटांवर असतो आणि जीव घाबरा होत नाही.

किनारे सार्वजनिक आहेत, ही गोष्टही माहीत असू द्या. हॉटेलात न राहताही तुम्ही वाळूवर बसू शकता, पोहू शकता. रविवारी फ्लिक-आन-फ्लाक किंवा मों श्वाझीला जा. अख्खी कुटुंबं भांडी-पातेली, पत्ते आणि ढोलकं घेऊन फिलाओच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या, झाडांखाली दिवसभर बसलेली असतात. शेजारी सतरंजी टाका, गप्पा आपोआप सुरू होतात.

फिरायचं कसं

वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेऊन चालवणं आपल्याला जड जात नाही. आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. आतले रस्ते अरुंद आहेत, उसाच्या उंच पिकामुळे वळणावर समोरचं दिसत नाही, रात्री दिवे कमी. अंधार पडण्याआधी परतायचं असं ठरवूनच निघा. टॅक्सी केली तर भाडं आणि कुठे-कुठे थांबायचं हे बसण्याआधी ठरवा. दुकानांमध्ये नेऊन वेळ घालवू नका, असंही स्पष्ट सांगा.

बस स्वस्त आहेत आणि जवळपास सर्व गावांना जातात, पण संध्याकाळी लवकर थांबतात. पोर्ट लुई ते क्युरपिप अशी सुमारे २६ किलोमीटरची मेट्रोही आहे, ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली. राजधानीत पार्किंग शोधण्यापेक्षा मेट्रोने जाणं केव्हाही बरं.

बेटाच्या आत: पहिला आणि दुसरा दिवस

सुरुवात क्युरपिपच्या त्रू ओ सेर्फपासून करा. मेट्रोच्या शेवटच्या थांब्यापासून चालत जाता येतं. गावाच्या वस्तीतच हे ज्वालामुखीचं मुख आहे: तीनशे मीटरहून रुंद, ऐंशी मीटरच्या आसपास खोल, आत दाट झाडी आणि तळाशी साचलेलं पाणी. काठावरून गोल फेरी मारता येते. सकाळी आठच्या आत पोहोचा, कारण नंतर ढग उतरतात. काठावरून उत्तरेला बघितलं की मोका रांगेतला पीटर बॉथ दिसतो, ज्याच्या सुळक्यावर एक गोल धोंडा डोक्यासारखा बसलेला आहे.

तिथून दक्षिणेला गंगा तलाव, म्हणजेच ग्राँ बासँ. हाही ज्वालामुखीच्या मुखात साचलेला तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रियोले गावातून भाविक इथे पायी आले, तेव्हापासून महाशिवरात्रीची यात्रा सुरू आहे. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून यात मिसळण्यात आलं. शेजारी ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो लोक कांवर, म्हणजे कावड, घेऊन पायी निघतात आणि रस्ते भरून जातात. यात्रा बघायची असेल तर गाडी लांब ठेवून त्यांच्यासोबत चाला, नाहीतर ते दिवस टाळा. पादत्राणं काढण्याच्या जागा पाळा आणि माकडांपासून प्रसाद सांभाळा.

दुसऱ्या दिवशी शामारेलची सात रंगांची माती. लाल, तपकिरी, जांभळट, निळसर अशा उघड्या टेकड्या. बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, शेकडो शतकं पावसात कुजला, विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. कोकणातला जांभा दगडही याच प्रक्रियेतून तयार होतो. फरक इतकाच की इथे त्याची माती होऊन तिचे रंग वेगळे सुटले. कुंपणापलीकडे पाय ठेवू नका, एकेक पाऊल त्या उतारांवर वर्षानुवर्षं राहतं. वाटेत शामारेलचा धबधबा लागतो, लाव्हाच्या थरांचा कडा तिथे उभा चिरलेला दिसतो.

परतताना ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून या. १९९४ मध्ये संरक्षित झालेल्या या सुमारे ६७ चौरस किलोमीटरमध्ये बेटावरचं मूळ जंगल थोडंफार टिकून आहे. बाकी बेटावर डचांनी, फ्रेंचांनी आणि ब्रिटिशांनी जंगल तोडून ऊस लावला. डोडो सतराव्या शतकातच संपला. मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे इथला छोटा ससाणा, १९७४ मध्ये रानात अवघे चार उरले होते. शास्त्रज्ञांनी घरट्यांतली अंडी जपून उबवून तो वाचवला, आज तो पुन्हा दरीवर घिरट्या घालताना दिसू शकतो. या कामाबद्दल मनापासून आस्था असेल तर माहेबूरजवळचं इल ओ एग्रेत हे छोटं प्रवाळी बेट बघा. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे मार्गदर्शक सोबत असतात, गुलाबी कबुतरं आणि महाकाय कासवं दिसतात, आणि तुम्ही दिलेलं शुल्क संवर्धनाला जातं. मॉरिशसमध्ये पैसे देऊन केलेल्या सहलींमध्ये मी हिला पहिला क्रमांक देईन.

पोर्ट लुई: यासाठी पूर्ण दिवस

राजधानीत लोक दोन तास खरेदी करून निघतात, हे मला पटत नाही. सकाळी आधी आप्रवासी घाटावर जा. गुलामगिरी १८३५ मध्ये संपुष्टात येणार होती. उसाला मजूर हवे होते म्हणून ब्रिटिशांनी भारतातून करारावर माणसं आणायला सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेल्यांपासून ही गोष्ट सुरू होते, आणि पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय इथे उतरले. जहाजातून उतरल्यावर नोंदणीसाठी ज्या दगडी पायऱ्या चढून मजूर घाटावर येत, त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवलं. शेजारच्या संग्रहालयात जहाजाच्या पोटातली जागा, करारपत्रं, मजुरांचे क्रमांक हे सगळं नीट मांडलं आहे. निदान दीड तास ठेवा. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

हे पाहून झाल्यावर ग्रामीण भागातून जाताना शेतांमधल्या त्या काळ्या दगडांच्या राशींकडे परत बघा. ज्वालामुखीने पसरलेले ते धोंडे आधी गुलामांनी आणि नंतर या मजुरांनी हाताने उचलून रचले, तेव्हा कुठे ऊस लावायला माती मोकळी झाली. मॉरिशसमधलं सर्वांत मोठं स्मारक मला या राशीच वाटतात. त्यांना तिकीट नाही, फलक नाही.

दुपारी मध्यवर्ती बाजार, मग फोर्ट अ‍ॅडलेडवरून शहराचं दृश्य. खाली दिसणारं शाँ द मार्स हे १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. याच मैदानावर १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा फडकला. १२ मार्च म्हणजे दांडी यात्रेचा दिवस, तारीख त्यासाठीच निवडली होती.

तिथली मराठी माणसं

मजुरांची बहुसंख्य जहाजं कोलकात्याहून गेली, पण मुंबई बंदरातूनही गेली, आणि त्यांत कोकणातली व घाटावरची माणसं होती. त्यांचे वंशज संख्येने थोडे, तरी ठळक आहेत. ब्लॅक रिव्हर जिल्हा, काझकावेल, वाकोआ या भागांत त्यांची जुनी वस्ती. वाकोआजवळच्या हेनरिएटा गावात १८९६ मध्ये पहिला गणेशोत्सव झाला असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. सणात 'झाकरी' म्हणतात ती नाचगाणी होतात. कोकणातली जाखडी बघितलेल्याला पावलं लगेच ओळखू येतील. शाळांमध्ये मराठी शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचं उच्च शिक्षणही होतं. त्याच संस्थेत मजुरांच्या नोंदींचं दफ्तर जपलेलं आहे.

त्यांच्याशी बोलताना थोडी समज हवी. घरात बहुतेकांची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली स्थानिक बोली, आहे, मराठी शाळेत आणि देवघरात. 'तुम्हाला मराठी नीट येत नाही' असं चुकूनही म्हणू नका. पाच-सहा पिढ्या समुद्रापलीकडे राहून त्यांनी आरती टिकवली, ही फार मोठी गोष्ट आहे. सणाच्या दिवशी मंदिरात गेलात तर जेवायला थांबवतील. थांबा.

डोंगर चढायचा तर

ल पूस, ८१२ मीटर, नवख्यांसाठी उत्तम. येऊन-जाऊन तीनेक तास, शेवटचा टप्पा खडकाळ. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन याच डोंगरावर चढला होता. ल मोर्न, ५५६ मीटर, जास्त अवघड आणि जास्त अर्थपूर्ण. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यावर आसरा घेत. २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. पहाटे निघा, दोन लिटर पाणी, पकड असलेले बूट. वरचा भाग हातापायांनी चढावा लागतो, सह्याद्रीत कातळ चढलेल्यांना जमेल, इतरांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा. पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका, ओला बेसाल्ट कसा घसरतो हे आपल्याला सांगायला नको. पीटर बॉथ दोराशिवाय आणि जाणकाराशिवाय चढायचा नाही.

समुद्रात उतरताना

बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, त्याच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. पण कड्याला जिथे फटी आहेत तिथे ओढ जबरदस्त असते, त्या जागा स्थानिकांना विचारून घ्या. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला कडं तुटलेलं आहे, लाटा थेट लाव्हाच्या कड्यावर आदळतात. बघायला अप्रतिम, पोहायला जीवघेणं. पाण्यात रबरी बूट घाला: समुद्री साळींचे काटे आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश या दोन्हींसाठी. प्रवाळावर उभं राहू नका. जुलै २०२० मध्ये 'वाकाशिओ' जहाज पॉइंट देस्नीला अडकलं आणि पुढे तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट भरून तरंगते बांध केले होते. हा किनारा त्यांनी असा जपला आहे. रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ९९९.

खाणं

दाल पुरी खाल्ल्याशिवाय परतू नका. डाळ भरलेली मऊ पुरी, आत वालाच्या जातीच्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय, म्हणजे मसालेदार रस्सा, आणि मिरचीची चटणी. जोडीने देतात. शक्यतो सकाळी अकराच्या आत घ्या, चांगल्या गाड्यांवरची दुपारी संपते. गातो पिमां म्हणजे डाळवडे, ते पावात घालूनही खातात. आलुदा हे सब्जा घातलेलं गार दूध. शाकाहारींना अडचण येत नाही, मात्र नूडल्समध्ये अंडं आणि सॉसमध्ये मासळी असू शकते, विचारून घ्या. दुकानदाराला आधी 'बोंझूर' म्हणा, मग मागणी करा. तिथे ही साधी रीत आहे आणि ती न पाळणारा माणूस उद्धट ठरतो. हिंदी समजणारे भेटतात, इंग्रजी बहुतेकांना समजतं.

दहा दिवस असतील तर

तीन दिवस रॉड्रिग्जला द्या. मुख्य बेटाच्या पूर्वेला विमानाने दीड तास, १०८ चौरस किलोमीटर, हेही ज्वालामुखीचंच बेट. २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. मोठी हॉटेलं कमी, घरगुती मुक्काम जास्त, सामानाची मर्यादा कडक आणि विमानांत जागा थोडी. त्यामुळे मुंबईचं तिकीट काढतानाच हे तिकीटही काढा. वाऱ्यामुळे विमानफेरी पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून रॉड्रिग्ज सहलीच्या मध्यात ठेवा, परतीच्या आदल्या दिवशी नको. निघताना बॅगेत शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे नकोत, ते नेण्यास बंदी आहे. त्याऐवजी बुआ शेरीचा व्हॅनिलाचा चहा आणि इथली कच्ची साखर घ्या, दोन्ही माहेबूरच्या सोमवारच्या बाजारात किंवा गावातल्या किराणा दुकानात विमानतळापेक्षा स्वस्त मिळतात.